शाळा मुलाच्या दारी

प्रस्तावना

'मुले शाळेत का येत नाहीत?' हा प्रश्न आपण वारंवार ऐकतो. त्याची उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. मुलांना शिकण्याची आवड नाही, आईवडिलांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे सांगून आपण मोकळे होतो. पण हाच प्रश्न थोडा फिरवून विचारला तर? शाळा मुलांपर्यंत का पोहोचत नाही? असे विचारताच दोष मुलावर आणि त्याच्या घरावर राहत नाही. शाळेलाच स्वतःकडे पाहावे लागते.

महाराष्ट्रात सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी दोन स्त्रियांनी हा प्रश्न असा फिरवून विचारला आणि त्याचे उत्तर प्रत्यक्ष कामातून शोधले. त्या म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. आज ज्याला आपण 'समावेशक शिक्षण' म्हणतो, त्याचा गाभा त्यांच्या कामात दिसतो. त्या कामाची ओळख करून घेऊन आजच्या परिस्थितीत त्याचा अर्थ काय, हे आपण या वैचारिक लेखातून समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –

- समावेशक शिक्षण म्हणजे काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
- अंगणवाडी, कुरणशाळा व विकासवाडी या प्रयोगांमागील विचार स्पष्ट करू शकाल;
- मुलाच्या शिक्षणात कुटुंबाला आधार देणे का आवश्यक आहे, याची कारणे देऊ शकाल;
- दिव्यांग विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या काही सोयींची माहिती सांगू शकाल;
- सामासिक शब्दांचा विग्रह करू शकाल व पाठातील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. फाटकाबाहेरची मुलगी

छत्तीसगढमधील रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भनपुरी ही कारखान्यांची वस्ती आहे. उरला आणि सिलतरा ही मोठी औद्योगिक क्षेत्रे याच बाजूला आहेत. अशा वस्तीतील एक सकाळ डोळ्यांसमोर आणा.

पाळीची वेळ झाली आहे. वडील कारखान्याकडे निघाले आहेत. आई बांधकामावर मजुरीला गेली आहे. घरात नऊ वर्षांची मुलगी आणि तिचा दीड वर्षाचा भाऊ, एवढेच उरले आहेत. शाळेची घंटा होते. मुलगी भावाला कडेवर घेते, शाळेच्या फाटकापर्यंत जाते आणि तेथेच थांबते. भावाला घेऊन वर्गात बसता येत नाही आणि त्याला घरी एकटे ठेवून शाळेत जाता येत नाही. थोडा वेळ ती फाटकाच्या गजांतून प्रार्थना ऐकते आणि घरी परतते.

शाळेच्या हजेरीपटावर त्या दिवशी तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होते. असे काही महिने गेले, की ती 'शाळाबाह्य' ठरते. कागदावर पाहणाऱ्याला वाटेल, की मुलीने शाळेकडे पाठ फिरवली. प्रत्यक्षात ती रोज शाळेपर्यंत येत होती. तिच्यात आणि शाळेत एका पाळण्याचे अंतर होते.

ही मुलगी काल्पनिक आहे. पण तिच्यासारख्या मुली भनपुरीत असतील, पुण्याच्या बांधकामांवर असतील, मराठवाड्यातून ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्यांतही असतील. प्रत्येकीची अडचण निराळी असते. एखाद्या मुलाला चालता येत नाही आणि शाळेला पायऱ्या असतात. एखाद्याला ऐकू येत नाही आणि शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात. एखाद्याची घरची भाषा निराळी असते आणि पुस्तक दुसऱ्याच भाषेत असते. अडचणी वेगळ्या असल्या तरी या सर्व मुलांना एकच गोष्ट ऐकावी लागते : 'ही शाळा अशीच आहे. तुला जमत असेल तर ये.'

पाठगत प्रश्न – १

(अ) योग्य पर्याय निवडा.
फाटकाबाहेरची मुलगी वर्गात जाऊ शकत नव्हती, कारण –
(१) तिला शिकण्याची आवड नव्हती. (२) धाकट्या भावाला सांभाळण्याची जबाबदारी तिच्यावर होती. (३) शाळा फार लांब होती. (४) आईवडिलांनी तिला मनाई केली होती.

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
'तिच्यात आणि शाळेत एका पाळण्याचे अंतर होते,' या वाक्यातून लेखकाला काय सुचवायचे आहे?

२. बोर्डीची अंगणवाडी

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबई येथे झाला. पदवी घेतल्यानंतर त्यांनी काही काळ अध्यापन केले. पुढे १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सोबत काम करू लागल्या. मुलाला धाक दाखवून शिकवण्यापेक्षा त्याला स्वातंत्र्य द्यावे, त्याच्या हातांना काम द्यावे, हा माँटेसरी पद्धतीचा विचार त्यांनी तेथे आत्मसात केला. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. या संघाच्या कामातून बालशिक्षणाचा प्रसार होऊ लागला. परंतु त्या काळी बालवाडी ही शहरातील सुस्थितीतल्या घरांपुरतीच होती. माँटेसरी साधने महाग होती. खेड्यातील गरीब मुलाला ती कशी परवडणार, हा प्रश्न ताराबाईंना अस्वस्थ करत होता.

त्या अस्वस्थतेतूनच १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) या कामात त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या.

गावात बालवाडी उघडली. पण ज्यांच्यासाठी ती प्रामुख्याने उघडली होती, त्या दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले तेथे येईनात. अशा वेळी 'आम्ही शाळा काढली, त्यांना यायचे नाही, त्याला आम्ही काय करणार?' असे म्हणणे सोपे होते. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांच्या वस्तीत जावे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीवर जाऊ लागल्या. झोपडीपुढचे अंगण झाडून घ्यावे, मुलांना गोळा करावे, त्यांचे हातपाय धुवावेत, केस विंचरावेत आणि तेथेच गाणी, गोष्टी व खेळ सुरू करावेत, असा क्रम सुरू झाला. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणजेच 'अंगणवाडी'.

साधनांचा प्रश्नही त्यांनी असाच सोडवला. विकत घेतलेल्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, खडे, पाने आणि फुले आली. मोजणी शिकायला बिया पुरेशा होत्या. आकार आणि रंग ओळखायला शिंपले व पाने होतीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली अनेकदा गत होते. मुलाच्या परिसरातच शिक्षणाचे साहित्य भरलेले असते. ते पाहणारी दृष्टी मात्र हवी.

अंगणात शाळा भरल्याने आणखी एक महत्त्वाची गोष्ट साधली. शाळा म्हणजे काय, हे मुलाच्या आईला दारात उभे राहून पाहता आले. शिक्षिकेलाही त्या घरी सकाळी चूल पेटली की नाही, घरात कोण आजारी आहे, हे न विचारता कळू लागले. शाळा आणि घर यांच्यातील उंबरठा दोन्ही बाजूंनी ओलांडला गेला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. आज भारतातील गावोगावी हा शब्द परिचित आहे. तो उच्चारताना बोर्डीतील त्या झाडलेल्या अंगणाची आठवण ठेवावी.

३. कुरणशाळा आणि विकासवाडी

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे गेले. कोसबाडच्या टेकडीभोवती वारली आदिवासींचे पाडे आहेत. येथे शिक्षिकांपुढे नवी अडचण उभी राहिली. थोडी मोठी मुले अंगणातही सापडत नसत. ती सकाळीच गुरे घेऊन रानात जात. गुरे राखणे हा खेळ नव्हता. मुलाच्या त्या कामाचा घरच्या भाकरीला हातभार लागत होता. मुलाला त्या कामावरून काढून वर्गात बसवणे म्हणजे घराचा एक आधार काढून घेणे होते.

मग शाळाच रानात गेली. गुरे चरत असताना झाडाच्या सावलीत मुलांना शिकवायचे, मोजायला तेथलेच खडे घ्यायचे, अभ्यासायला तेथलीच झाडे आणि पाखरे घ्यायची, अशी 'कुरणशाळा' आकाराला आली. मुलाला त्याच्या कामासह स्वीकारून शिक्षणाची वाट त्याच्यापर्यंत नेण्याचा हा प्रयत्न होता. मुलाने आयुष्यभर गुरेच राखावीत, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हता. आज तो गुरे राखतो म्हणून त्याचे शिक्षण उद्यावर ढकलू नये, एवढाच त्याचा अर्थ होता.

मुलींची अडचण आणखी वेगळी होती. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी त्यांना घरी राहावे लागे. म्हणजे भनपुरीच्या फाटकाबाहेर आपण जी मुलगी पाहिली, तिचीच ही अडचण. तिच्यावर ताराबाईंनी शोधलेला उपाय म्हणजे 'विकासवाडी'. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात असावीत, अशी ही रचना होती. मोठ्या मुलीने तान्ह्या भावाला कडेवर घेऊन यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे, मधल्या बहिणीला बालवाडीत सोडावे आणि स्वतः निश्चिंत मनाने वर्गात बसावे. आईही निर्धास्तपणे कामावर जाऊ शके. तान्ह्या बाळाला स्वच्छता आणि देखरेख मिळे. एका पाळण्याने घरातील चार माणसांचा दिवस सुकर होत असे.

येथे एक शंका मनात येईल. मुलीला भावंड घेऊन शाळेत येण्याची सोय केली, तर भावंड सांभाळणे हे मुलीचेच काम आहे, हे आपण मान्य केल्यासारखे होत नाही का? ही शंका रास्त आहे. भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी मुलीवरच का पडते, हा प्रश्न समाजाने स्वतःला विचारलाच पाहिजे. परंतु समाजाची रीत बदलायला पिढ्या लागतात आणि मुलीचे शिकण्याचे वय मात्र थांबत नाही. म्हणून रीत बदलण्याचा प्रयत्न आणि आजच्या मुलीची सोय, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. शिवाय पाळणाघरात बाळ सांभाळणारी दुसरी व्यक्ती असते. निदान शाळेच्या वेळेत तरी त्या मुलीच्या कडेवरचे ओझे उतरते.

छत्तीसगढमध्येही या विचाराशी नाते सांगणारे काम झाले आहे. बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था आसपासच्या खेड्यांत 'फुलवारी' नावाची पाळणाघरे चालवते. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांना तेथे दिवसा सांभाळले जाते आणि सकस आहार दिला जातो. बालकांचे कुपोषण कमी करणे हा त्यामागचा मुख्य हेतू. पण बाळ फुलवारीत असले, की आईला कामावर आणि मोठ्या बहिणीला शाळेत जाता येते. ज्या रस्त्यावर भनपुरी वसली आहे, त्याच रस्त्याने पुढे गेले की हा जिल्हा लागतो. उपाय नेहमीच दूर असतो असे नाही.

पाठगत प्रश्न – २

(अ) रिकाम्या जागा भरा.
(१) ग्राम बाल शिक्षा केंद्र ............ साली बोर्डी येथे सुरू झाले.
(२) गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ............ सुरू झाली.
(३) गनियारी येथील संस्थेच्या पाळणाघरांना ............ असे नाव आहे.

(आ) जोड्या लावा.
'अ' गट : (१) अंगणवाडी (२) कुरणशाळा (३) विकासवाडी
'ब' गट : (क) पाळणाघर, बालवाडी व शाळा एका आवारात (ख) वस्तीतील घरापुढची बालवाडी (ग) गुरे चरत असताना रानात भरणारी शाळा

४. आज समावेशक शिक्षण म्हणजे काय?

बोर्डी आणि कोसबाड येथील कामात 'समावेशक शिक्षण' हा शब्द वापरला जात नव्हता. हा शब्द पुढे जगभर रूढ झाला. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे भरलेल्या परिषदेने, सर्व मुलांना, त्यांच्या शारीरिक, बौद्धिक, सामाजिक वा भाषिक स्थितीचा विचार न करता, सामान्य शाळांनी सामावून घ्यावे, असा विचार मांडला. २००६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला आणि २००७ साली भारताने त्याला मान्यता दिली.

भारतात २००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क दिला. पूर्वी शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश देऊन विशेष प्रशिक्षण द्यावे, अशी तरतूदही त्यात आहे. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे नमूद केली आहेत. दृष्टी, श्रवण आणि हालचाल यांच्याशी संबंधित दिव्यांगत्वांबरोबरच स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही त्यात समावेश आहे. ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने मिळाला.

कायदा दार उघडतो. परंतु मूल आत आल्यावर काय, हे शिक्षकाच्या आणि सोबत्यांच्या हाती असते. एकाच बाकावर बसवले म्हणजे समावेश झाला, असे नाही. शेवटच्या बाकावर बसून दिवसभर काहीही न कळणारे मूल वर्गात असूनही वर्गाबाहेरच असते. त्यासाठी करावयाच्या गोष्टी पुष्कळदा अगदी साध्या असतात. पुढील उदाहरणे पाहा.

ज्या मुलाला कमी ऐकू येते, त्याला शिक्षकाचा चेहरा दिसेल अशा जागी बसवावे. शिक्षकाने फळ्यावर लिहून झाल्यावर वर्गाकडे वळून बोलावे. ज्याला कमी दिसते, त्याला उजेडात बसवावे. फळ्यावरचे मोठ्याने वाचून दाखवावे. मोठ्या अक्षरांतील वा ब्रेल लिपीतील मजकूर उपलब्ध करून द्यावा. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर ठेवावा. उतार फार उभा असू नये. एक फूट उंचीसाठी निदान बारा फूट लांबीचा उतार असावा, असे सांगितले जाते. स्वच्छतागृहापर्यंत त्याला जाता येते की नाही, हे तर सर्वांत आधी पाहावे. ते नसेल तर ते मूल, विशेषतः मुलगी, दिवसभर पाणी पिण्याचेही टाळते आणि शेवटी शाळाच टाळते. ज्या मुलाला अक्षरे ओळखताना गोंधळ होतो, त्याला 'आळशी' म्हणू नये; त्याला तोंडी उत्तर देण्याची संधी द्यावी. ज्याची घरची भाषा छत्तीसगढी, वारली वा गोंडी आहे, त्याला पहिले काही दिवस तरी त्या भाषेतून बोलू द्यावे.

या यादीकडे लक्षपूर्वक पाहा. वर्गाकडे वळून बोलणारे शिक्षक, स्वच्छ अक्षर, मोठ्याने केलेले वाचन, हलक्या उताराची वाट या गोष्टींचा लाभ केवळ एका मुलाला होत नाही; सगळ्या वर्गाला होतो. एका मुलासाठी रुंद केलेली वाट सर्वांच्याच उपयोगी पडते.

शब्दांचाही येथे विचार केला पाहिजे. पूर्वी व्यंगावरून माणसाला हाक मारण्याची रीत होती. नंतर 'अपंग' हा शब्द आला. अलीकडे शासकीय व्यवहारात 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. कोणता शब्द वापरावा, याविषयी मतभेद आहेत. पण एका गोष्टीविषयी मतभेद असू नयेत. मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी. त्याचे व्यंग ही त्याची ओळख नव्हे.

५. घराला आधार

मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना त्याचे घर विसरून चालत नाही. दिव्यांग मुलाच्या आईला अनेकदा दुहेरी ताण सोसावा लागतो. एकीकडे मुलाची शुश्रूषा आणि दुसरीकडे 'हे कशामुळे झाले?' असे विचारणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरा. दवाखाना, प्रमाणपत्र आणि कार्यालये यांच्या फेऱ्यांत मजुरी बुडते. अशा आईला शाळेतून निरोप येतो, तो बहुधा तक्रारीचाच असतो. मग ती शाळेत जाणेच टाळते.

ही साखळी शाळेने तोडली पाहिजे. शिक्षकाने पहिली गृहभेट तक्रारीसाठी देऊ नये. मुलाला काय येते, काय आवडते, घरी ते कसे बोलते, हे आईला विचारावे. मुलाविषयी सर्वांत अधिक तिला ठाऊक असते. तिच्याकडून शिकण्यात शिक्षकाला कमीपणा नाही. पालकसभा रोजंदारी बुडणार नाही अशा वेळी घ्यावी. प्रमाणपत्र कोठे मिळते, कोणता अर्ज भरावा, शिष्यवृत्ती आणि प्रवासाची मदत कोणाला मिळते, हे साध्या भाषेत समजावून सांगावे. अर्ज भरून देण्यासाठी कोणी बसले, तर त्याहून चांगले. ज्यांची मुले अशा अनुभवातून गेली आहेत, त्या पालकांची गाठ घालून द्यावी. 'तुम्ही एकट्या नाही,' हे वाक्य तज्ज्ञाने सांगण्यापेक्षा दुसऱ्या आईने सांगितलेले अधिक पटते.

अतितीव्र दिव्यांगत्वामुळे ज्या मुलांना शाळेत येणे शक्य नाही, त्यांना घरी राहून शिकण्याचा पर्याय २०१२ सालच्या दुरुस्तीने कायद्यात आला आहे. मात्र हा पर्याय मुलासाठी आहे. शाळेच्या सोयीसाठी नाही. ज्याला उतार बांधून दिला असता तर शाळेत येता आले असते, त्याला घरी बसवणे हा समावेश नव्हे.

६. तुम्ही आणि मुक्त शाळा

हे वाचणाऱ्यांपैकी काहींना फाटकाबाहेरच्या मुलीची गोष्ट परकी वाटली नसेल. घरकाम, मजुरी, आजारपण, लग्न, स्थलांतर अशा कारणांनी ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले, त्यांच्यासाठी १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय स्थापन झाले. २००२ पासून ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान या नावाने ओळखले जाते. माध्यमिक परीक्षेसाठी येथे वयाची वरची मर्यादा नाही. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांच्या काळात विद्यार्थी आपल्या गतीने परीक्षा देऊ शकतो. दिव्यांग विद्यार्थ्यांना गरजेनुसार लेखनिक आणि वाढीव वेळ मिळू शकतो. २०२१ पासून भारतीय सांकेतिक भाषा हा एक भाषाविषय म्हणूनही उपलब्ध झाला आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मुक्त शाळा हे एक दार आहे. ज्याला त्या दाराने यावेसे वाटते, त्याने आनंदाने यावे. पण आपल्याला नकोशा वाटणाऱ्या मुलाला बाहेर काढण्यासाठी कोणत्याही शाळेने या दाराकडे बोट दाखवू नये.

उशिरा शिकण्यात काही कमीपणा आहे का? अनुताई वाघांचेच उदाहरण पाहा. त्यांचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या प्रथेनुसार तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत त्यांना वैधव्य आले. अशा मुलीसाठी त्या वेळी जगाची बहुतेक दारे बंद होत असत. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, नोकरी करता करता रात्रशाळेत जाऊन १९३७ साली मॅट्रिक झाल्या. पुढे कोसबाडचे काम चालू असतानाच १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या बी. ए. झाल्या. १९८५ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. १९९२ साली त्यांचे निधन झाले. दुसऱ्यांच्या मुलांसाठी अंगण झाडणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या शिक्षणाचे दारही कधी बंद होऊ दिले नाही.

आता पुन्हा भनपुरीच्या त्या फाटकाकडे येऊ. मुलगी अजून भावाला घेऊन उभी आहे. तिला आत घेण्यासाठी फार मोठी योजना लागत नाही. शाळेजवळ एक खोली, दोन पाळणे, बाळांना सांभाळणारी एक प्रेमळ बाई आणि हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करण्यापूर्वी फाटकापर्यंत चालत जाऊन 'बाळ, तू आत का येत नाहीस?' असे विचारणारे एक शिक्षक, एवढे पुरे आहे. त्या प्रश्नाचे उत्तर ऐकून घेणे, हीच समावेशक शिक्षणाची सुरुवात आहे.

शब्दार्थ

समावेशक – सर्वांना सामावून घेणारे. आत्मसात करणे – पूर्णपणे अंगी बाणवणे. पाडा – आदिवासींची लहान वस्ती. कुरण – गुरे चरण्याची जागा. रास्त – योग्य, न्याय्य. स्वमग्नता – इतरांशी संवाद साधण्यात अडचण आणणारी, जन्मापासूनची मनोविकासाची स्थिती. शुश्रूषा – सेवा, देखभाल. लेखनिक – परीक्षार्थी सांगेल ती उत्तरे लिहून देणारी व्यक्ती.

वाक्प्रचार व म्हण

पाठ फिरवणे – दुर्लक्ष करणे, सोडून जाणे.
हातभार लावणे – मदत करणे.
उंबरठा ओलांडणे – मर्यादा पार करून पुढे जाणे.
काखेत कळसा आणि गावाला वळसा – वस्तू जवळच असताना ती सर्वत्र शोधत फिरणे.

भाषाभ्यास

पाठातील पुढील सामासिक शब्द पाहा.

- आईवडील – आई आणि वडील. दोन्ही पदे सारखीच महत्त्वाची. हा द्वंद्व समास आहे.
- बालशिक्षण – बालांचे शिक्षण. दुसरे पद महत्त्वाचे. हा तत्पुरुष समास आहे.
- कुरणशाळा – कुरणातील शाळा. येथेही दुसरे पद महत्त्वाचे. हा तत्पुरुष समास आहे.

नवी कल्पना जन्माला आली, की भाषेला नवा शब्द लागतो. 'अंगण' आणि 'वाडी' हे दोन्ही शब्द मराठीत आधीपासून होते. ते एकत्र आले आणि एका नव्या कामाला नाव मिळाले. घरातले साधे शब्द घेऊन नवा शब्द घडवण्याची ही रीत ध्यानात ठेवा.

आपण काय शिकलो?

- मूल शाळेत येत नसेल, तर त्याच्या न येण्याचे कारण शोधणे ही शाळेची जबाबदारी आहे.
- ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी अंगणवाडी, कुरणशाळा व विकासवाडी यांच्याद्वारे शाळा मुलांपर्यंत नेली.
- एका वर्गात बसवणे म्हणजे समावेश नव्हे. प्रत्येक मुलाला शिकता येईल असे बदल करणे म्हणजे समावेश.
- मुलाला आधार द्यायचा तर त्याच्या कुटुंबालाही आधार दिला पाहिजे.
- शिक्षणाला वयाची अट नसते.

उपक्रम

तुमच्या परिसरातील शाळेत न जाणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरी जा. आईवडिलांशी आदराने बोला. मुलाची अडचण समजून घ्या. त्याचे नाव न लिहिता ती अडचण आणि तिच्यावर शाळेला करता येण्याजोगा एक उपाय आठ ते दहा वाक्यांत लिहा.

स्वाध्याय

(१) 'कुरणशाळे'मागील विचार तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
(२) विकासवाडीमुळे कुटुंबातील कोणाकोणाला कोणता लाभ होत असे, ते लिहा.
(३) 'वर्गात असूनही वर्गाबाहेर' असे कोणत्या मुलाविषयी म्हटले आहे? का?
(४) शिक्षकाची पहिली गृहभेट तक्रारीसाठी का नसावी, याविषयी तुमचे मत सकारण मांडा.
(५) समास ओळखून विग्रह करा : बहीणभाऊ, गृहभेट, रात्रशाळा.
(६) 'हातभार लावणे' व 'पाठ फिरवणे' यांचा वाक्यात उपयोग करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ – (अ) (२) (आ) शिकण्याची इच्छा असूनही केवळ तान्ह्या भावाला सांभाळण्याची सोय नसल्यामुळे मुलगी शाळेपासून वंचित राहिली, असे लेखकाला सुचवायचे आहे.
प्रश्न २ – (अ) (१) १९४५ (२) कुरणशाळा (३) फुलवारी (आ) (१) – (ख), (२) – (ग), (३) – (क)